माळव्याच्या पाण्याचा हिशेब

पाणी फुकट मिळते, ही समजूत माणसाच्या मनात फार खोल रुजलेली आहे. आकाशातून पडणाऱ्या आणि भूमीतून पाझरणाऱ्या वस्तूचे मोल कोणी कोणास द्यावयाचे, असा प्रश्न साध्या माणसाला पडतो, आणि तो अगदीच चुकीचा नाही. परंतु ज्या दिवशी विहीर आटते त्या दिवशी पाण्याला किंमत येते. मग ती किंमत राज्याने द्यावी की नगरपालिकेने, आजच्या पिढीने द्यावी की पुढच्या, शहराने द्यावी की खेड्याने, असा वाद सुरू होतो. माळव्याचा गेल्या अडीचशे वर्षांचा इतिहास या वादाच्या अंगाने पाहिला, तर राजे, संस्थाने, विलीनीकरण, निवडणुका या सर्वांच्या खालून वाहणारा एक वेगळाच प्रवाह दिसू लागतो. पाणी कोठून आणावे आणि त्याचा खर्च कोणी सोसावा, याची चर्चा तेथे पुष्कळ झाली. मात्र भूमीच्या पोटातून काढलेले पाणी तिला परत कोणी द्यावयाचे, हा प्रश्न फार उशिरा विचारला गेला.

प्रथम या मुलखाची ठेवण ध्यानात घ्यावयास हवी. माळवा हे समुद्रसपाटीपासून सुमारे पाचशे मीटर उंचीचे पठार. दक्षिणेला विंध्याचा कडा एकदम तुटतो आणि खाली निमाडात नर्मदा वाहते. पठारावर उगम पावणाऱ्या चंबळ, क्षिप्रा, गंभीर, काळी सिंध या नद्या मात्र तिच्याकडे पाठ फिरवून उत्तरेस, यमुनेच्या खोऱ्याकडे जातात. म्हणजे माळव्याच्या पायथ्याशी बारमाही नदी आहे, पण ती घाटाखाली. आणि अंगणातून वाहणाऱ्या नद्या उन्हाळ्यात कोरड्या पडणाऱ्या. पाऊस वर्षाला साधारणपणे ९०० ते १००० मिलिमीटर, आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. असे असूनही पावलोपावली पाणी असलेला सुपीक मुलूख अशी माळव्याची ख्याती शतकानुशतके होती. गुजरात, राजस्थान आणि दक्षिण येथून दुष्काळात माणसे गुरेढोरे घेऊन माळव्याची वाट धरीत.

या ख्यातीचे रहस्य भूमीत होते. ज्या काळ्या पाषाणाने सह्याद्री आणि महाराष्ट्राचे पठार घडले, त्याच ज्वालामुखीच्या पाषाणाचे थर माळव्यात पसरलेले आहेत. वर काळी, ओल धरून ठेवणारी माती, तिच्याखाली मुरूम, त्याखाली भेगाळलेला, छिद्रांचा खडक, आणि त्याच्याही खाली घट्ट कातळ. पावसाचे पाणी मुरते ते प्रामुख्याने मुरूम आणि भेगाळ खडक यांत. वाळूच्या मैदानी प्रदेशात भूमीच्या पोटात शेकडो फूट खोलीचा साठा असतो, तसा येथे नाही. येथील साठा उथळ, मर्यादित आणि दर पावसाळ्याला भरून निघणारा. तीस-चाळीस फुटांची विहीर खणावी, मोट चालवावी, उन्हाळ्याच्या शेवटी तळ दिसू लागला की थांबावे, हा क्रम या खडकाने शिकविलेला होता. माळव्याचा प्रसिद्ध गहू पावसाळ्यात पडीक ठेवलेल्या काळ्या रानात, केवळ साठलेल्या ओलीवर पिके. विहिरीचे पाणी अफूच्या आणि भाजीपाल्याच्या वाफ्यांपुरते. मोटेचा बैल जितके ओढील तितकाच उपसा होई. बैलाची शक्ती हीच त्या काळची भूजलाची संरक्षक होती. तिला कायद्याची गरज नव्हती.

त्या काळात पाण्याच्या खर्चाचा प्रश्न दानधर्माने सुटत असे. याचे सर्वांत ठळक उदाहरण अर्थातच अहिल्याबाई होळकरांचे. १७६७ ते १७९५ या कारकिर्दीत त्यांनी काशीपासून रामेश्वरापर्यंत घाट, विहिरी, कुंड आणि धर्मशाळा बांधविल्या. या कामांच्या पैशाकडे मात्र सहसा कोणाचे लक्ष जात नाही. होळकरांच्या दप्तरात ‘दौलत’ आणि ‘खासगी’ असे दोन वेगळे हिशेब होते. राज्याचा वसूल दौलतीत, आणि राजस्त्रियांच्या नावे असलेल्या गावांचे उत्पन्न खासगीत. अहिल्याबाईंची धर्मकृत्ये खासगीतून झाली. फौजेचा आणि कारभाराचा पैसा त्यांकडे वळविला गेला नाही. सार्वजनिक पाण्याचा खर्च कोणत्या तिजोरीतून करावा, या प्रश्नाचे ते एक शिस्तशीर उत्तर होते. त्याची मर्यादा एवढीच, की दाता असेल तोवर ते चाले, आणि दात्याच्या मागे त्या विहिरीतला गाळ काढणारा कोणी असेलच असे नसे.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंदूर वाढू लागले. आगगाडी आली, कापसाच्या गिरण्या आल्या, वस्ती दाट झाली. दात्याच्या जागी आता दरबार आला आणि विहिरीच्या जागी तलाव आला. सिरपूर, पिपल्यापाळा, बिलावली हे तलाव इंदूरच्या आसमंतात आहेत. त्यांच्या पाण्यावर शहराची तहान काही काळ भागली. पुढे यशवंतराव होळकरांच्या काळात, १९३९ साली, शहरापासून काही कोसांवर गंभीर नदीवर यशवंत सागर बांधला गेला आणि त्याचे पाणी नळाने शहरात आले. नळ घरात येताच एक गोष्ट घडली, आणि ती केवळ इंदुरातच घडली असे नाही. लोकांनी आडाकडे पाठ फिरविली. आडात कचरा पडू लागला, बारवांवर गवत माजले.

या धोक्याची सूचना फार लवकर मिळाली होती. स्कॉटलंडचे नगररचनाकार पॅट्रिक गेडीस हे पहिल्या महायुद्धाच्या काळात हिंदुस्थानातील अनेक शहरे पाहत हिंडत होते. इंदूर दरबारासाठी त्यांनी लिहिलेला दोन खंडांचा अहवाल १९१८ साली होळकर संस्थानाच्या छापखान्यात छापला गेला. प्रचंड खर्चाच्या, सर्व शहराला एकाच साच्यात घालणाऱ्या योजनांविषयी त्यांना मूळचीच शंका असे. तत्पूर्वी मुंबई इलाख्यातील शहरांविषयी लिहितानाही त्यांनी जुन्या विहिरी बुजविण्याच्या सपाट्याला विरोध केला होता. त्यांचे म्हणणे असे, की नळाची व्यवस्था कितीही उत्तम असली तरी ती केव्हातरी बिघडणारच. जुन्या विहिरी हा पूर्वजांनी उतरवून ठेवलेला जिवाचा विमा आहे, तो मोडून खाऊ नये. त्यांचे बोलणे त्या वेळी जुन्यावरच्या हौशी प्रेमासारखे वाटले असेल. विम्याची आठवण संकटातच होते.

स्वातंत्र्यानंतर संस्थाने विलीन झाली. १९४८ साली मध्य भारत आणि १९५६ साली आजचे मध्य प्रदेश राज्य बनले. इंदूरची लोकसंख्या १९५१ साली सुमारे तीन लाख होती. १९७१ मध्ये ती साडेपाच लाखांवर गेली. यशवंत सागर जेवढा होता तेवढाच राहिला. १९६०-७० च्या दशकातल्या कोरड्या वर्षांनी शहराला धडकी भरविली. दरबार उरला नव्हता. आता लोकशाही होती, आणि पाणी मागावयाचे तर ते चळवळ करूनच मागावे लागणार होते.

१९७० सालच्या जुलै-ऑगस्ट महिन्यांत इंदुरात झालेले नर्मदा आंदोलन हे या सबंध इतिहासातले सर्वांत बोलके प्रकरण. नर्मदेचे पाणी इंदूरला आणा, ही एकच मागणी. विद्यार्थी, व्यापारी, गिरणी कामगार, निरनिराळ्या पक्षांचे कार्यकर्ते, आणि ‘अभ्यास मंडळ’ या विचारविनिमयाच्या व्यासपीठाभोवती जमलेले सुशिक्षित नागरिक, ज्यांत मराठी मंडळींचा वाटा मोठा होता, असे सगळे एकत्र आले. सभा झाल्या, मोर्चे निघाले, बंद पाळले गेले.

आंदोलनाच्या मागे खरा वाद खर्चाचा होता. नर्मदा आटत नाही, हे सर्वांना मान्य होते. परंतु ती इंदूरपासून सुमारे ७० किलोमीटर दूर आणि शहरापेक्षा कितीतरी खाली. मंडलेश्वराजवळील जलूद येथून पाणी उचलून विंध्याचा घाट चढवावयाचा, म्हणजे ते टप्प्याटप्प्याने पाचशे मीटरांहून अधिक उंच न्यावयाचे. बांधकामाचा खर्च एकदाच होतो, पण विजेचा खर्च रोज होतो, आणि जोवर शहर पाणी पिते तोवर होत राहतो. पठारावरच्याच एखाद्या नदीवर आणखी एक धरण बांधले तर पाणी जवळून आणि स्वस्तात मिळेल, असा विचार करणारांची बाजू त्यामुळे अगदीच लंगडी नव्हती. शिवाय नर्मदेच्या पाण्याच्या वाटपाचा तंटा नुकताच, १९६९ साली, लवादाकडे गेलेला होता.

याला आंदोलकांचे उत्तरही भक्कम होते. पठारावरच्या नद्या पावसाच्या आधीन. ज्या वर्षी शहराला पाण्याची सर्वांत जास्त गरज, त्याच वर्षी त्या दगा देणार. जे पाणी दुष्काळात मिळत नाही ते स्वस्त कसे म्हणावे? आडात नाही तर पोहऱ्यात कोठून येणार! शेवटी मुख्यमंत्री श्यामाचरण शुक्ल यांच्या सरकारने ऑगस्ट १९७० मध्ये मागणी मान्य केली आणि १९७८ साली नर्मदेचे पाणी घाट चढून इंदुरात आले. लवादाचा अंतिम निर्णय त्यानंतर, १९७९ च्या डिसेंबरात प्रसिद्ध झाला. त्याने २८० लक्ष एकर-फूट पाण्यातून मध्य प्रदेशास १८२.५ लक्ष आणि महाराष्ट्रास अवघे २.५ लक्ष एकर-फूट दिले. ज्या महेश्वरातून अहिल्याबाईंनी राज्य केले, त्याच्याच शेजारून उचललेले पाणी होळकरांच्या राजधानीत पोहोचले, याचे इंदूरकरांना समाधान वाटले ते योग्यच होते. नागरिकांनी एकजुटीने, शांतपणे आणि मुद्देसूद भांडून मिळविलेले ते पाणी होते.

इंदूरजवळ आवाज होता, वर्तमानपत्रे होती, मतदार होते, कर भरणारे व्यापारी होते. त्यामुळे त्याच्या पाण्याचा खर्च राज्याच्या अंदाजपत्रकात शिरला. परंतु त्याच वर्षांत इंदूरच्या सभोवतीच्या खेड्यांत एक दुसरी घटना घडत होती. तिच्यासाठी सभा झाली नाही, मोर्चा निघाला नाही आणि तिचा खर्च कोणत्याच अंदाजपत्रकात मांडला गेला नाही.

ती घटना म्हणजे कूपनलिका. १९६०-७० नंतर खेडोपाडी वीज पोहोचली आणि खडक फोडणारी यंत्रे आली. जेथे मोट तीस फुटांवर थांबे, तेथे ही नलिका दोनशे फूट, मग पाचशे फूट, आणि पुढे त्याहूनही खोल गेली. गव्हाला ओलिताची सवय लागली. पडीक राहणाऱ्या पावसाळी रानात सोयाबीन आले. एका पिकाच्या जागी दोन पिके आली. शेतकऱ्याच्या हाती पैसा खेळू लागला, आणि तो त्याच्या कष्टाचाच होता. त्यात त्याला दोष देण्याजोगे काही नाही. सरकारने त्याला उत्तेजन दिले, बँकांनी कर्ज दिले. १९९० नंतरच्या दशकात तर मध्य प्रदेशात लहान शेतीपंपांना काही वर्षे वीज विनामूल्य मिळाली. पूर्वी बैल थकला की उपसा थांबे. विजेचा पंप थकत नाही, आणि वीज फुकट असेल तर तो थांबविण्याचे कारणही उरत नाही.

कायदाही उपशाच्याच बाजूला होता. इंग्रजी अमदानीतील १८८२ च्या सुविधाधिकार अधिनियमात एक तत्त्व नमूद आहे. ठरावीक प्रवाहातून न वाहणारे जे पाणी जमिनीखाली असेल, ते आपल्या हद्दीत गोळा करण्याचा आणि वापरण्याचा अधिकार जमिनीच्या मालकाला आहे. ज्या देशात हे तत्त्व घडले, तेथील पाऊस बारमाही आणि विहिरी उथळ; तेथे ते चालून गेले असेल. माळव्याच्या काळ्या पाषाणात मात्र एका शेतातली खोल नलिका शेजारच्या दहा विहिरींचे पाणी ओढून घेते. कायद्याच्या दृष्टीने ते त्या एका शेतकऱ्याचे पाणी. खडकाच्या दृष्टीने ते सर्वांचे. ज्याच्याजवळ आणखी खोल जाण्याचा पैसा, त्याला पाणी. ज्याची विहीर चाळीस फुटांची, त्याच्या वाट्याला कोरडा तळ. गावातल्या गावात अशी वाटणी झाली, आणि ती कोणत्याही सभेत मंजूर झालेली नव्हती.

याचा परिणाम सर्वांत आधी देवासला दिसला. इंदूरपासून चाळीस किलोमीटरांच्या आतले हे शहर. पवारांच्या थोरल्या आणि धाकट्या पातीची दोन राज्ये येथे एकाच गावात शेजारी शेजारी नांदली. टेकडीवर देवी, पायथ्याशी मीठा तलाव, घरोघरी आड, असे हे गाव. स्वातंत्र्यानंतर येथे कारखाने उभे राहिले, १९७४ साली चलनी नोटा छापणारा सरकारी कारखाना आला. लोकवस्ती वाढली तशी तिची तहान मुख्यतः कूपनलिकांवर भागविली गेली. जुने तलाव आणि आड अडगळीत पडले. एकेक नलिका आटत गेली, तशी दुसरी अधिक खोल खणली गेली. तहान लागल्यावर विहीर खणू नये, असे आपल्याकडे म्हणतात. येथे विहिरी खणून खणूनच तहान लागली होती.

१९९० च्या उन्हाळ्यात देवासला रेल्वेने पाणी आणावे लागले. इंदुरात टाक्या भरावयाच्या, त्या आगगाडीने देवासला न्यावयाच्या, तेथे पंपाने उपसून शहराला वाटावयाच्या. इंदूरने नर्मदेचे पाणी घाटावर चढविले होते. आणि पावलोपावली पाण्यासाठी प्रसिद्ध असलेल्या मुलखातील एक जुने शहर आता आगगाडीतून त्याच इंदूरकडे पाण्यासाठी हात पसरत होते. पिण्याचे पाणी रुळांवरून येताना पाहणे, हा देवासकरांच्या मनावर कायमचा उमटलेला प्रसंग.

या संकटाला तीन प्रकारची उत्तरे दिली गेली. पहिले उत्तर कायद्याचे. मध्य प्रदेशाने १९८६ सालीच पेयजल परिरक्षण अधिनियम केला होता. जिल्हाधिकाऱ्याने एखादे क्षेत्र पाणीटंचाईचे म्हणून घोषित केले, की तेथे परवानगीवाचून नवी कूपनलिका खणता येत नाही आणि पिण्याच्या पाण्याला प्रथम हक्क मिळतो. महाराष्ट्रानेही त्याच पाषाणावरचे तेच दुखणे ओळखून १९९३ साली कायदा केला. सार्वजनिक पेयजलाच्या विहिरीपासून पाचशे मीटरांच्या आत विनापरवाना नवी विहीर खणण्यास त्याने मनाई केली. हे कायदे हेतूने चांगले. पण उन्हाळ्यात निघणारा आदेश पावसाळ्यात विसरला जातो, आणि ज्या गावात पुढाऱ्याचीच नलिका सर्वांत खोल असते, तेथे तक्रार कोणी करावयाची, हा प्रश्न उरतोच. शिवाय मनाईने उपसा फार तर थांबतो. भर पडत नाही.

दुसरे उत्तर यंत्राचे आणि पैशाचे, म्हणजे पुन्हा नर्मदेचे. देवासच्या कारखान्यांसाठी नेमावर येथून नर्मदेचे पाणी शंभर किलोमीटरांहून अधिक लांबीच्या नलिकेने आणले गेले. त्यात खाजगी भांडवल गुंतविले गेले आणि त्याची परतफेड पाण्याच्या दरातून व्हावयाची, असे ठरले. पुढे २०१४ साली सुमारे ४३२ कोटी रुपये खर्चून नर्मदेचे पाणी क्षिप्रेच्या उगमाशी सोडण्यात आले. २०१६ च्या सिंहस्थात उज्जैनीस जे स्नान झाले, त्यात क्षिप्रेच्या पात्रात नर्मदा होती. हे स्थापत्यशास्त्राचे यश आहे, यात शंका नाही. परंतु क्षिप्रा का आटली, याचे उत्तर त्यात नव्हते. ज्या विहिरींच्या पाझरांवर ती उन्हाळ्यात वाहत असे, ते पाझर पंपांनी आधीच ओढून घेतले होते. नदी म्हणजे भूजलाचेच वर आलेले रूप. खालचा साठा उतरला की वरचे पात्र कोरडे पडावयाचेच.

तिसरे उत्तर अधिक साधे आणि अधिक अवघड. विसावे शतक सरता सरता देवासच्या जिल्हा प्रशासनाने छपरांवरचे पावसाचे पाणी घराघरातील नलिकांत आणि आडांत परत सोडण्याची मोहीम काढली. एका जाड नळीत लहानमोठ्या आकाराचे गोटे भरून केलेली एक स्वस्त गाळणी त्यासाठी बनविण्यात आली. ‘देवास फिल्टर’ या नावाने ती पुढे देशभर माहीत झाली. ज्या भोकातून आजवर पाणी केवळ वर येत असे, त्याच भोकातून ते खाली जाऊ लागले. तिची किंमत काहीशे रुपये, म्हणजे सामान्य गृहस्थास झेपणारी. पाण्याच्या परतफेडीचा हा पहिला छोटा हप्ता.

त्यानंतर २००६ साली, उमाकांत उमराव हे देवासचे जिल्हाधिकारी असताना, शेततळ्यांची चळवळ सुरू झाली. शेताचा सुमारे दहावा ते विसावा हिस्सा तळ्यासाठी द्यावा, काळ्या चिकण मातीत ते खणावे, पावसाळ्याचे पाणी त्यात साठवावे आणि रब्बीला नलिकेऐवजी त्या तळ्यातून पाणी द्यावे, अशी ही कल्पना. तिच्यातला महत्त्वाचा भाग खर्चाचा होता. सरकारी अनुदानाने खणलेली तळी कागदावर खणली जातात, हा अनुभव नवा नव्हता. म्हणून ही तळी शेतकऱ्यांनी स्वतःच्या पैशाने किंवा बँकेच्या कर्जाने खणावीत, असा आग्रह धरला गेला. आणि आरंभ मोठ्या शेतकऱ्यांपासून केला गेला. ज्यांनी आजवर भूमीतून सर्वांत जास्त पाणी उपसले त्यांनी ते सर्वांत आधी परत करावे, हा त्यामागचा युक्तिवाद. त्यात उपकाराची भाषा नव्हती, हिशेबाची होती, आणि माळव्याच्या व्यवहारी शेतकऱ्याला ती पटली. सुपीक जमिनीचा एक तुकडा पाण्याखाली घालणे कोणाला सहज मानवणारे नव्हते. टोंक खुर्द भागातील गावांतून पहिली तळी भरली, त्यांच्या काठच्या शेतात गहू-हरभरा उभा राहिला, तेव्हा शेजारच्या गावांतली माणसे ती पाहावयास आली. काही वर्षांतच जिल्ह्यात हजारो तळी झाली. या तळ्यांना नाव मिळाले ‘रेवासागर’. रेवा म्हणजे नर्मदा. घाटाखालून ती उचलून आणण्याऐवजी आकाशातून येते तेव्हाच तिला आपल्या शेतात थांबवावे, असा अर्थ त्या नावात सहज दिसतो.

या प्रयोगाने सर्व दुखणे बरे झाले, असे मात्र म्हणता येणार नाही. केंद्रीय भूजल मंडळाच्या मूल्यमापनांत इंदूर, देवास, उज्जैन, रतलाम या जिल्ह्यांतले अनेक विभाग पुढेही अतिउपशाचे म्हणूनच नोंदले गेले. तळ्याचे पाणी मिळाले म्हणून आणखी तहानेचे पीक घेणारा शेतकरीही असतो. आणि ज्याच्याजवळ दोनच एकर जमीन, त्याने तिचा दहावा हिस्सा कोठून द्यावा, हा प्रश्न मोठ्या शेतकऱ्याच्या उदाहरणाने सुटत नाही. तेथे सामायिक तळे, गावाची पंचायत आणि सरकारची मदत यांना पर्याय नाही. ग्रामीण पेयजलासाठी केंद्राने २००२ साली ‘स्वजलधारा’ आणि २०१९ साली ‘जल जीवन मिशन’ सुरू केले. दोहोंत योजनेच्या खर्चाचा काही अंश गावानेच भरावा, हे तत्त्व आहे. परंतु घरोघर बसविलेला नळ ज्या विहिरीतून पाणी घेतो, तिच्या शेजारी पाचशे फुटांची नलिका चालू असेल, तर गावाने भरलेला अंश आणि सरकारने भरलेला अंश दोन्ही कोरड्या नळात जातात.

इकडे इंदूरचा हिशेबही संपलेला नाही. २०११ च्या जनगणनेत ज्याची लोकसंख्या एकोणीस लाखांवर गेली, त्या शहराला जलूदहून पाणी चढविण्यास लागणारी वीज ही महापालिकेच्या खर्चातली फार मोठी बाब झाली. १९७० साली शंकेखोरांनी ज्याची भीती घातली होती ते हेच. फेब्रुवारी २०२३ मध्ये महापालिकेने २४४ कोटी रुपयांचे कर्जरोखे विक्रीस काढले. त्या पैशातून जलूद परिसरात सूर्यप्रकाशावर वीज निर्माण करून पंप चालवावयाचे, अशी योजना. रोखे सर्वसामान्य गुंतवणूकदारांना खुले होते, आणि मागणी काढलेल्या रकमेच्या कितीतरी पट आली. दानापासून सुरू झालेली पाण्याच्या पैशाची वाट दरबाराच्या तिजोरीवरून, राज्याच्या अंदाजपत्रकावरून, अशी रोखेबाजारापर्यंत येऊन पोहोचली आहे.

इंदूरच्या रोख्यांना सहज गिऱ्हाईक मिळाले, कारण त्यांच्या मागे कर भरणारे शहर आहे. टोंक खुर्दच्या शेतकऱ्याच्या तळ्याला मात्र बँकेने कर्ज देण्याआधी दहा वेळा विचार केला. वास्तविक पाहता दोघेही एकच काम करीत होते. किंबहुना शेतकऱ्याच्या तळ्याने वाचविलेला भूजलाचा थेंब कोणत्याही घाटावर चढवावा लागत नाही आणि त्याला विजेचे देयकही येत नाही. शहराच्या पाण्याचा खर्च दिसतो म्हणून त्यावर वाद होतो, तोडगा निघतो, पैसा उभा राहतो. खेड्याच्या भूमीतून उतरत गेलेल्या पाण्याचा खर्च दिसत नाही. तो आटलेल्या विहिरीच्या, विकलेल्या बैलाच्या आणि डोक्यावरून दूर वाहून आणलेल्या हंड्याच्या रूपाने ज्याचा त्याने मुकाट्याने भरलेला असतो.

अहिल्याबाईंच्या कारभारात दौलतीचा आणि खासगीचा जमाखर्च कधी मिसळला गेला नाही. माळव्याच्या पाण्यालाही अशाच दोन वह्या लागतील. आणलेल्या पाण्याची वही इंदूरने १९७० पासून नेटाने लिहिली आहे. परत केलेल्या पाण्याच्या वहीत देवासच्या छपरांनी आणि शेततळ्यांनी पहिली काही पाने भरली. आणि पुढची पाने भरण्याचे काम प्रत्येक पावसाळ्याबरोबर नव्याने समोर येते.